जुना संगणक विकताना : पाटी खरोखर कोरी झाली का?



समजा, तुमचे घर छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एखाद्या वसाहतीत आहे. घरात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीला कंपनीकडून मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ काही या जुन्या यंत्रावर चढत नाही. म्हणून तो विकायचे ठरले. आलेल्या पैशांत थोडी भर घालून ताईच्या कॉलेजसाठी नवा घ्यायचा आहे. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, म्हणून दुपारी तुम्ही संगणक पुसायला बसलात. काम संपल्यावर यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले, तो काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ : चालू करण्याजोगे साधन सापडत नाही.

आजोबा म्हणतात, "बिघडवलास ना शेवटी!" ताई म्हणते, "आता चालतच नाही म्हणजे आतले सगळे गेले. देऊन टाका भंगारवाल्याला."

या प्रसंगी आजोबांचेही चुकले आहे आणि ताईचेही. आजोबांची चूक थोड्या पैशांची आहे. ताईची चूक मात्र फार महाग पडू शकते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी दोन गोष्टी पाहू : संगणक चालू होतो म्हणजे काय होते, आणि पुसला जातो म्हणजे काय होते.

पाणचक्की आणि संगणक

तुमच्यापैकी पुष्कळांनी शहरातील पाणचक्की पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणले होते. ते उंच चढवून खाली सोडले जाई, त्याच्या जोराने खालचे चक्र फिरे आणि चक्राबरोबर वरचे जाते. दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी तेथे पीठ दळले जाई.

आता असे समजा, की एके दिवशी जाते फिरत नाही. शहाणा माणूस लगेच जात्यावर हातोडा मारणार नाही. तो विचारील : पाणी कुठवर आले? नळात आहे, पण वरून पडत नाही का? वरून पडते, पण चक्र अडले आहे का? चक्र फिरते, पण जाते ढिले झाले आहे का? जिथपर्यंत सगळे ठीक आहे, त्याच्या पुढच्याच पायरीवर दोष असतो.

संगणकाचेही असेच आहे. बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत एक काम संपले की दुसरे सुरू होते. त्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी विजेची. भिंतीतील २३० व्होल्टची वीज संगणकातील वीजपुरवठा-पेटीत शिरते आणि तेथून १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा कमी दाबांनी आत वाटली जाते.

दुसरी पायरी तपासणीची. मुख्य पाटावरील एका लहानशा चिपमध्ये कायमचा लिहिलेला एक कार्यक्रम असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांतील त्याच्या सुधारलेल्या रूपाला यूईएफआय म्हणतात. तो रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती, कीबोर्ड, पडदा व डिस्क जागेवर आहेत का, हे पाहतो.

तिसरी पायरी शोधाची. बायोस ठरवून दिलेल्या क्रमाने एकेक साधन पाहतो : आधी पेनड्राइव्ह, मग हार्ड डिस्क, किंवा याच्या उलट. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा केवळ ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइटांत सुरुवातीचा छोटा कार्यक्रम, ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत खुणेची दोन अक्षरे असतात. ही खूण सापडली नाही, तर बायोस म्हणतो की येथे काही नाही. नव्या पद्धतीत याच कामासाठी डिस्कवर एक लहान स्वतंत्र विभाग राखलेला असतो.

चौथी पायरी कार्यप्रणालीची. तो छोटा कार्यक्रम विंडोज किंवा लिनक्स यांना उठवतो आणि मग ओळखीचे चित्र दिसते.

लहान कार्यक्रमाने मोठ्याला उठवायचे, या क्रियेला इंग्रजीत बूट करणे म्हणतात. आपल्याच बुटांच्या नाड्या ओढून आपणच वर उठायचे, अशा एका गमतीदार कल्पनेवरून हा शब्द आला. १९७५ साली निघालेल्या अल्टेअर या लहान संगणकात तर हे पहिले आकडे माणसाला समोरचे खटके वरखाली करून स्वतः भरावे लागत. आज ते काम बायोस करतो, एवढाच फरक.

पुसणे म्हणजे काय?

आता दुसरी गोष्ट. एक साधा प्रयोग करा. वीस पानांची एक वही घ्या. पहिल्या पानावर अनुक्रमणिका लिहा आणि आतील कोणत्याही एका पानावर तुमचे एक गुपित लिहा. आता फक्त अनुक्रमणिकेचे पान फाडा आणि वही मित्राला द्या. गुपित शोधायला त्याला किती वेळ लागेल? पाने उलटायला लागेल तेवढाच.

संगणकात एखादी फाइल आपण काढून टाकतो, तेव्हा बहुधा एवढेच होते. अनुक्रमणिकेतील नोंद जाते आणि ही जागा आता रिकामी समजावी, अशी खूण होते. मजकूर आपल्या जागी तसाच राहतो. त्यावर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत तो परत काढता येतो. झटपट फॉरमॅट केले तरी नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते, आतली पाने बहुतेक तशीच राहतात.

हे गणिताने पडताळता येते. समजा हार्ड डिस्क ५०० गिगाबाइटची आहे आणि ती सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट लिहू शकते. ५०० गिगाबाइट म्हणजे ५,००,००० मेगाबाइट. त्यांना १०० ने भागले की ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे एक तास तेवीस मिनिटे. पूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहायला निदान इतका वेळ लागणारच. मग जे फॉरमॅट दहा सेकंदांत संपले, त्याने फार तर डिस्कच्या पाचशेव्या भागाला हात लावला! घड्याळाकडे पाहूनच तुम्हाला कळेल, की पाटी पुसली गेली की नुसते तिच्यावरचे नाव.

अमेरिकेतील सिम्सन गार्फिंकल व अभी शेलट या दोन संशोधकांनी हेच तपासले. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालत होत्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या १२९ पैकी नीट पुसलेल्या डिस्क होत्या केवळ १२! बाकीच्यांतून पत्रे, आजारपणाची माहिती आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले. विकणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण सारे पुसले आहे, असेच वाटत असणार.

तुमच्या घरच्या संगणकात काय असेल, आठवून पाहा. बाबांच्या पॅन कार्डाची प्रत, आत्याच्या बँकेच्या खात्याचा उतारा, ताईची गुणपत्रिका, कुणाच्या लग्नाची छायाचित्रे. शिवाय त्यांतील काही कागद शेजाऱ्यांनी केवळ तुमच्यावरील विश्वासाने छापायला दिलेले असतील.

आजोबा आणि ताई यांचे काय चुकले?

आता त्या काळ्या पडद्याकडे वळू. तुम्ही पूर्ण डिस्क पुसली असेल, तर तिसऱ्या पायरीवरील पहिला कप्पाही पुसला गेला. म्हणून बायोसला काही सापडले नाही आणि त्याने तसे सांगितले. यंत्र बिघडलेले नाही. वीज आली, तपासणी झाली, पडदाही उजळला. कोऱ्या डिस्कने असेच उत्तर द्यायला हवे. हे झाले आजोबांचे उत्तर.

ताईचे म्हणणे मात्र उलटे आहे. यंत्र चालत नाही, म्हणजे आतले सगळे गेले, असा तिचा तर्क आहे. पण पहिल्या कप्प्यातले ५१२ बाइट गेले, तरी हाच संदेश येतो आणि बाकीचे ५०० गिगाबाइट शाबूत असतात. डिस्कची तार निसटली, तरी हाच संदेश येतो. वीजपुरवठा जळला, तर पडद्यावर काहीच येत नाही आणि डिस्कमधील एक अक्षरही हललेले नसते. ती डिस्क चार स्क्रू काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की सगळे वाचता येते.

म्हणून एवढे पक्के लक्षात ठेवा : न चालणारा संगणक हा पुसलेला संगणक नव्हे. चालणे आणि पुसले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या असतात.

पुसण्यापूर्वी

घाईत लोक पुसायला आधी बसतात आणि नकला करायची आठवण नंतर होते. आजोबांच्या आवाजातील एखादी ध्वनिफीत गेली, तर ती कोणत्याही दुकानात मिळणार नाही. तेव्हा क्रम असा ठेवा :

१. हवे ते सर्व बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मग ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून पाहिलेली नक्कल हीच खरी नक्कल.

२. ईमेल व इतर खात्यांतून बाहेर पडा.

३. डिस्क सांकेतिक कुलपात असेल, तर तिची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधील मांडणी बदलली, की संगणक ही किल्ली मागू शकतो. नकला व्हायच्या आधीच ती हरवलेली असली, तर आतले तुम्हालाही मिळणार नाही. फक्त पुसायचे असेल, तर मात्र ही किल्ली लागत नाही.

४. लॅपटॉप असल्यास चार्जर लावूनच ठेवा. मेजावरचा संगणक असल्यास शक्यतो बॅटरीच्या आधारावर चालवा. पुसणे अर्धवट असताना वीज गेली, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होऊन त्याच जागी अडकते. असे झाले, तर घाबरू नका. पेनड्राइव्हवरून चालू करून काम पहिल्यापासून करा.

५. नकला घेतलेली बाहेरची डिस्क पुसण्याआधी काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे.

कुठे अडले? पायरीपायरीने शोधा

हे काम घरातील मोठ्या माणसाला जवळ घेऊन करा. पेटी उघडण्यापूर्वी भिंतीवरचा प्लग काढा. वीजपुरवठा-पेटी स्वतः मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आतील धारित्रांत धोकादायक भार साठून राहतो.

अगदी काहीच होत नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. दोष पहिल्या पायरीवर. त्याच बोर्डाला टेबललॅम्प लावून पाहा. तार बदलून पाहा. पेटीच्या मागे लहान खटका असतो, तो बंद राहिला असेल. काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटका असतो. तो आपल्याकडे २३० वरच हवा. ११५ वर केल्यास पेटी जळते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे. दोष दुसऱ्या पायरीवर. पडद्याची तार योग्य जागी आहे का, ते पाहा. पिक-पिक असा आवाज येत असेल, तर तो बायोसचा निरोप आहे. किती पिका म्हणजे कोणता दोष, हे कंपनीप्रमाणे बदलते, पण पुष्कळदा बोट रॅमकडे असते. कोठीच्या खोलीत धूळ खात पडलेल्या यंत्रात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो. प्लग काढून, पेटीच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युत्भार घालवा. रॅमची पट्टी काढा, सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडराचा चुरा झटका आणि पट्टी पुन्हा नीट दाबून बसवा.

दर वेळी तारीख चुकते, मांडणी विसरली जाते. मुख्य पाटावर रुपयाएवढी चपटी गोल बॅटरी असते. ती ३ व्होल्टची असते आणि तिच्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले आढळते. अनेक वर्षांनी ती संपते. मग बायोस आपली मांडणी विसरतो. साधने शोधण्याचा क्रम बदलतो, कधी डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलते आणि कालपर्यंत चालणारे विंडोज आज अर्ध्यावर थांबते. म्हणजे डिस्क चांगली, विंडोजही चांगले आणि दोष एका स्वस्त बॅटरीचा!

पेनड्राइव्हवरून यंत्र चालू होत नाही. हा प्रश्न बहुतेकांना येतो. कारणे क्रमाने तपासा. पेनड्राइव्हवर कार्यप्रणालीची फाइल नुसती उतरवून चालत नाही. त्यासाठीच्या कार्यक्रमाने ती चालू करण्याजोगी तयार करावी लागते. यंत्र जुन्या बायोसचे असून पेनड्राइव्ह फक्त नव्या पद्धतीचा केला असेल, तर दोघांचे जमणार नाही. प्रोसेसर ३२ बिटांचा असून कार्यप्रणाली ६४ बिटांची असेल, तरीही नाही. काही वेळा नव्या यंत्रातील सुरक्षित बूट हा पहारेकरी अनोळखी पेनड्राइव्हला आत घेत नाही. विंडोज ८ पासून बंद करा म्हटले, तरी पुष्कळ यंत्रे पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून पुन्हा सुरू करा हा पर्याय निवडा आणि सुरू होताच एफ१२, एफ९, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबा. कीबोर्ड तारेचा घ्या.

यंत्राचे नाव दिसते, मग साधन सापडत नाही. ही तिसरी पायरी. बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का, ते पाहा. नाव दिसत नसेल, तर तार किंवा डिस्कच सदोष आहे. नाव दिसते आणि तुम्ही डिस्क पूर्ण पुसली आहे? मग हा दोष नाहीच.

खरोखर पुसणे

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कसाठी एकदा संपूर्ण शून्ये लिहिणे पुरे आहे. विंडोजमध्ये झटपट हा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट केले की तसे होते. हा संगणक पूर्ववत करा या सोयीत सर्व काढा निवडून त्यापुढील डिस्क स्वच्छ करा हेही निवडावे लागते. हे दुसरे निवडायला लोक विसरतात.

एसएसडी या चकती नसलेल्या डिस्कची गोष्ट निराळी. तिच्यातील कप्पे झिजतात, म्हणून आतील नियंत्रक लेखन सतत जागा बदलून करतो. आपण वरून शून्ये लिहिली, तरी काही जुने कप्पे बाजूला तसेच राहू शकतात. तिच्यासाठी कंपनीच्या कार्यक्रमातील किंवा बायोसमधील सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी.

शेवटी पडताळा घ्या. पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र चालू करा आणि हरवलेल्या फाइली परत काढणारा एखादा कार्यक्रम त्या डिस्कवर चालवा. काहीही निघाले नाही, तर तुमची पाटी कोरी आहे. हाच लिनक्स गिऱ्हाइकालाही दाखवा. डिस्क कोरी असूनही पडदा, आवाज, कीबोर्ड सर्व चालते, हे त्याला डोळ्यांनी दिसेल आणि योग्य किंमत मिळेल.

यंत्र काही केल्या चालूच झाले नाही, तर डिस्क बाहेर काढून तारेच्या जोडणीने दुसऱ्या संगणकावर पुसा. डिस्कच मेलेली असेल, तर ती यंत्राबरोबर देऊ नका. मोठ्या माणसाकडून तिच्या चकत्यांना भोके पाडून घ्या. उरलेले यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा केंद्रांची व्यवस्था आहे. मुख्य पाटात शिसे असते आणि ते उघड्यावर जाळणे शरीराला अपायकारक आहे.

तर मित्रहो, त्या रविवारी संध्याकाळी आजोबांना काय सांगाल? "आजोबा, बिघडवले नाही. यंत्राला आता आपल्या घरातले काहीच आठवत नाही, एवढेच." आणि ताईला सांगा, "भंगारात द्यायचे असले, तरी आधी पुसायचे."

स्वाध्याय

१. २५० गिगाबाइटची हार्ड डिस्क सेकंदाला ८० मेगाबाइट लिहिते. ती पूर्ण पुसायला किती मिनिटे लागतील? कुणी तुम्हाला पाच मिनिटांत पूर्ण पुसून दिली, तर त्याला कोणता प्रश्न विचाराल?

२. पंखा फिरतो, कंपनीचे नाव दिसते, पण तारीख दर वेळी चुकीची असते. दोष कोणत्या पायरीवर असेल?

३. चालू करण्याजोगे साधन सापडत नाही, हा संदेश येण्याची तीन निरनिराळी कारणे लिहा. त्यांपैकी कोणत्या कारणात डिस्कवरील माहिती शिल्लक असते?

४. घरातील जुना मोबाइल विकताना यातील कोणती काळजी घ्यावी लागेल, याचा विचार करून घरच्यांना समजावून सांगा.